सर्व्हरचं नेटवर्क कोण खातंय? टर्मिनलवरून शोधायची रीत

लिनक्स सर्व्हरचं नेटवर्क मंदावलं की लगेच टीसीपीडम्प (tcpdump, एकेक पॅकेट पकडून दाखवणारं साधन) लावू नका. आधी इंटरफेस (सर्व्हरचा नेटवर्क जोड), मग कनेक्शन, मग प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) आणि सगळ्यात शेवटी पॅकेट (डेटाचा एकेक तुकडा).

‘आयपी -एस लिंक’ (ip -s link) दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवा. आरएक्स म्हणजे आलेला डेटा, टीएक्स म्हणजे गेलेला. दोन आकड्यांतला फरक दहाने भागला की दर सेकंदाचे बाइट मिळतात. एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल आणि पोर्ट तपासा.

आता कोणत्या पत्त्याशी किती डेटा चाललाय ते बघायला ‘सुडो आयएफटॉप -एन -आय’ (sudo iftop -n -i) आणि पुढे इंटरफेसचं नाव. सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं. -एन विसरू नका. नाहीतर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला डीएनएसच्या (पत्ते आणि नावं जुळवणारी यंत्रणा) विचारणा सुटतात आणि त्याच गर्दीत भर घालतात. उजवीकडचे तीन रकाने शेवटच्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी दाखवतात. आकडे बिटमध्ये असतात, बाइटमध्ये नव्हे: १०० मेगाबिटची लाइन १२.५ मेगाबाइटलाच भरते. हा घोळ फार जणांचा होतो.

प्रोसेस हवी असेल तर ‘सुडो नेटहॉग्स’ (sudo nethogs). कनेक्शनची यादी ‘सुडो एसएस -टीयूएनपी’ (sudo ss -tunp) देते. सुडो नसेल तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत.

एवढ्यावर उलगडा झाला नाही, तरच टीसीपीडम्प. एसएसएचवरून (म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरला जोडून) काम करत असाल तर फिल्टरमध्ये ‘नॉट पोर्ट २२’ (not port 22) घालाच. स्क्रीनवर उमटणारी प्रत्येक ओळ एसएसएचनेच तुमच्याकडे येते, तिचं पुन्हा पॅकेट होतं, त्याची पुन्हा ओळ. हे चक्र थांबत नाही. लहान अक्षरातला -सी ५०० (-c 500) दिला की ५०० पॅकेटनंतर टीसीपीडम्प आपोआप थांबतं. मोठ्या अक्षरातला -सी (-C) मात्र फाइलचा आकार ठरवतो. थांबल्यावर ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’ (dropped by kernel; कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) या ओळीत शून्य नसेल तर पॅकेट निसटली आहेत. अशा वेळी स्क्रीनऐवजी -डब्ल्यूने (-w) फाइलमध्ये लिहा, फिल्टर आणखी आवळा.

आत येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं, बाहेर जाणारं फायरवॉलनंतर. म्हणून पॅकेट आलेलं दिसतंय पण प्रोग्रामला मिळत नाही, असं झालं की फायरवॉलचे नियम बघा. १५०० बाइटपेक्षा, म्हणजे नेहमीच्या कमाल आकारापेक्षा, मोठी पॅकेट दिसली तर घाबरू नका. पॅकेटची तोडजोड बहुधा नेटवर्क कार्ड किंवा कर्नल करत असतं.

रात्री येऊन सकाळी गायब होणाऱ्या तक्रारीसाठी व्हीएनस्टॅट (vnstat, वापराची नोंद ठेवणारं साधन) आजच बसवा. ‘व्हीएनस्टॅट -एच’ (vnstat -h) तासागणिक हिशेब देतं, पण बसवण्याआधीचा काहीही नाही.