बजेट गेमिंग पीसी जोडताय? पार्ट घेताना या चुका टाळा

साताऱ्यात किंवा सांगलीत पीसीचे सगळे पार्ट एकाच दुकानात मिळतीलच असं नाही. प्रोसेसर ऑनलाइन, मदरबोर्ड पुण्याहून, कॅबिनेट गावातल्या दुकानातून अशी खरेदी होते. मग एखादा पार्ट जुळला नाही, तर बदलून कोण देणार यावरच घोडं अडतं. त्यामुळे पैसे देण्याआधी सगळी यादी कागदावर जुळवून घ्या.

सॉकेट बसलं म्हणजे बोर्ड चालेलच असं नाही

एएम४चं, म्हणजे एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या जागेचं) उदाहरण घ्या. बी४५० बोर्ड २०१८चे, रायझन ५ ५६०० आला २०२२ मध्ये. प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसतो, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही, कारण बोर्डात जुना बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) आहे. अशा वेळी चांगला प्रोसेसर खराब ठरवून परत पाठवला जातो. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी असते. आपल्या प्रोसेसरसमोर कोणता बायोस लिहिलाय ते बघा आणि दुकानदाराकडून अपडेट करूनच बोर्ड घ्या. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून काम होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा हवा आणि फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच हवं.

इंटेलचा घोळ वेगळा. आय३-१२१००एफला एलजीए १७०० सॉकेट लागतं. स्वस्तात मिळालेला एच५१० बोर्ड एलजीए १२००चा, त्यात तो बसणारच नाही. एच६१० आणि बी६६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांत येतात. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावून उपयोग नाही, स्लॉट मात्र तुटेल. प्रोसेसरचा जुना कूलर वापरणार असाल, तर एलजीए १७००ची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत आणि १२००ची ७५वर, हे लक्षात ठेवा. वेगळं ब्रॅकेट लागेल.

नावात ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आणि रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं. ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणाल, तर तोवर पीसी नुसता शोभेला. थांबायचंच असेल तर ५६००जी घ्या.

ग्राफिक्स कार्डाच्या लेन

आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त चार लेनवर (बोर्डाशी डेटा नेणाऱ्या वाटांवर) चालतं. पीसीआयई ४.० (या वाटांची वेगवान पिढी) असलेल्या बोर्डावर ते निभावून नेतं, पण बी४५० किंवा ए५२०वर जुनं ३.०च मिळतं आणि कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळतो. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसरही ३.०चेच, म्हणजे बोर्ड बी५५० घेऊनही फरक पडत नाही. अशा जोडीला आठ लेनचं आरएक्स ६६०० कधीही बरं.

एसएमपीएसवर वाचवलेले पैसे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेल्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे १८ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट खातं, ५६०० पूर्ण लोडवर ७६पर्यंत जातो. झाले २०८. पंखे, बोर्ड आणि एसएसडी अजून बाकीच आहेत. असा पीसी डेस्कटॉपवर दिवसभर छान चालतो आणि गेम सुरू केला की पटकन रीस्टार्ट होतो. लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात, दोष असतो एसएमपीएसचा.

नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ घ्या. पण हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, दर्जाची हमी नव्हे. १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर हवेत. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या प्लगवरून) आठ पिनचं कन्व्हर्टर लावू नका, तारा तापतात. प्रोसेसरची केबल ४+४ असते आणि कार्डाची ६+२, त्यांची अदलाबदल करू नका. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावली, तर पिनांची रचना वेगळी असल्याने एसएसडी, बोर्ड काहीही जळू शकतं.

जुन्या वाड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. थ्री-पिन सॉकेट आहे, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत. दिसले नाहीत, तर आधी वायरमन बोलवा, पीसी नंतर लावा. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट बघा. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॅटचेच असतात.

किरकोळ, पण डोकेदुखी

रॅमची १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगाने चालते. बोर्डावरचा एसएसडीचा एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई प्रकारचा असेल, तर साटा प्रकारची एम.२ एसएसडी त्यात बसेल पण दिसणार नाही. कॅबिनेटला पुढे जाळी हवी. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात पुढून बंद काचेचं कॅबिनेट घेणं म्हणजे कार्ड भट्टीत ठेवणं.

डिस्प्ले येत नसेल तर

आधी एचडीएमआय केबल बोर्डाऐवजी कार्डाला लावली आहे का बघा. मग प्रोसेसरची आठ पिनची केबल. ती विसरणारे कमी नाहीत. नंतर एकच काडी लावून सुरू करा. तरीही नाही, तर प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. शेवटचा उपाय म्हणजे बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक काडी आणि कार्ड एवढंच जोडा. तिथे चालला, तर कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) बोर्डाला भोक नसलेल्या जागी राहिलाय आणि मागून शॉर्ट होतोय. तो काढा.