जपानी क्लायंटला ‘होऊन जाईल’ म्हणू नका

पुण्यातल्या टीमचं जपानी क्लायंटशी बिनसतं तेव्हा खापर भाषेवर फुटतं, पण गोची बहुधा नकारात असते. तोंडावर ‘नाही’ म्हणणं दोघांनाही जड जातं. आपण ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ म्हणून वेळ मारून नेतो. तिकडे तो दिलेला शब्द समजला जातो. ते अडखळून, गप्प राहून नकार देतात आणि आपण त्याला होकार समजतो.

तयारी मीटिंगच्या आधीच करा. जपानी कंपनीत निर्णयाची मशागत आधी एकेकाशी बोलून होते, तिला ‘नेमावाशी’ म्हणतात. मीटिंगमध्ये बहुतेकदा फक्त शिक्कामोर्तब होतं. म्हणून प्रस्ताव दोन-तीन दिवस आधी पाठवा, रोजच्या संपर्कातल्या माणसाला ‘कोणाला काय शंका येतील?’ असं विचारा आणि उत्तरं स्लाइडमध्येच घाला. ऐनवेळी नवा मुद्दा काढलात, तर साहेबांसमोर कोणीही मत देणार नाही. वेळ सकाळी साडेनऊची ठेवा. जपान साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथे दुपारचा एक वाजलेला असतो आणि जेवणं आटोपलेली असतात.

बोलणं सुरू असताना येणारं ‘हाय, हाय’ (शब्दशः ‘हो, हो’) म्हणजे ‘ऐकतोय’. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे ठरलं तरच होकार धरा. दातांतून हवा आत ओढणं, मान तिरकी करणं, ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरा…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडणं, ‘केन्तो शिमास’ म्हणजे ‘विचार करतो’, ही सगळी बहुधा नकाराची लक्षणं. ‘मुझुकाशी देस ने’, म्हणजे ‘अवघड आहे’, हे सर्वात फसवं. आपल्या इंजिनिअरला ते आव्हान वाटतं आणि तो हिरिरीने ‘आम्ही करून दाखवतो!’ म्हणतो. तिथेच संभाषण संपतं. त्याऐवजी ‘अडचण खर्चाची, वेळेची की टेस्टिंगची?’ असं विचारा आणि दुसरा पर्याय पुढे ठेवा. मग थांबा. शांतता पाच-सहा सेकंद ताणली तरी ती भरायला जाऊ नका. समोरचा विचार करतोय.

प्रश्न नकारार्थी नको. ‘फाइल मिळाली नाही का?’ याला जपानी ‘हाय’ आलं, तर त्याचा अर्थ ‘बरोबर, मिळाली नाही’. आपली डुलणारी मानही तिकडे कळत नाही, उत्तर शब्दांत द्या.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाचा, टेबलावर समोर ठेवा. मागच्या खिशात कोंबू नका. समोरच्याच्या नावाला आदरार्थी ‘सान’ लावा, स्वतःच्या नावाला मात्र कधीच नाही.

मीटिंगचा वृत्तांत त्याच दिवशी जाऊ द्या: काय ठरलं, काय बाकी, कोणाकडे, कोणत्या तारखेला. त्यानंतरची सर्वात मोठी नाराजी उशिराची नसते, उशिरा कळवण्याची असते. ‘मॉड्यूलला थोडा वेळ लागेल’ ही मेल निरुपयोगी. अशी लिहा:

‘शुक्रवार, 14 तारखेऐवजी मंगळवार, 18 तारखेला देऊ. कारण: लॉगिनच्या टेस्टमध्ये दोन दोष सापडले. परिणाम: तुमचं टेस्टिंग दोन कामकाजाचे दिवस पुढे जाईल. उपाय: उरलेले भाग 14 तारखेलाच देतो.’

अंदाज सोमवारी आला असेल तर ही मेल सोमवारीच पाठवा, गुरुवारी संध्याकाळी नाही.