कुरूप, कॉर्न कॅप आणि अरुंद बूट

डाव्या तळव्याला, करंगळीच्या खाली, मला वर्षभर कुरूप होतं. आधी वाटलं काटा मोडलाय. सुईने टोकरून पाहिलं, काटा कुठला निघतोय! मग मेडिकलमधून कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी, आणली. तिच्यातलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड घट्ट कातडी मऊ करतं. पट्टी काढून कोमट पाण्यात पाय बुडवला, पांढरी पडलेली कातडी हलकेच घासली. आराम पडला. दीड महिन्यात कुरूप पुन्हा हजर.

खरा दोष ऑफिसच्या बुटांचा. कागदावर उभं राहून पावलाची कड आखली आणि बूट त्यावर ठेवला, तर चवड्यापाशी रेघ दोन्हीकडून बाहेर! रुंद बूट घेतले, तेही संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. त्यानंतर एकदाच पट्टी लावावी लागली.

उरलेल्या पट्ट्या आई मागत होती. तिला मधुमेह आहे, म्हणून दिल्या नाहीत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला अ‍ॅसिडची जखम कळत नाही, आणि ती लवकर भरतही नाही. सरळ डॉक्टरांकडे नेलं. तिचं कुरूप नव्हतंच, चामखीळ होती: वरून दाबण्यापेक्षा चिमटीत धरल्यावर जास्त दुखायची, आत बारीक काळे ठिपके. रोज रात्री तळवे आरशात बघा, लाली, पू किंवा छोटीशीही जखम दिसली तर थांबू नका, असं त्यांनी बजावलंय.

कुरूप कापायचं तिचं ब्लेड मी गुपचूप फेकून दिलं.