पॉलिश केलेली जुनी दुनाळी घेताना

विदर्भातल्या मालगुजारी वाड्यांत आणि जुन्या पाटलांच्या घरी विलायती बारा बोअर दुनाळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, अजून निघतात. वारसांना परवान्याची कटकट नको असते. मग बंदूक एखाद्या कारागिराकडे जाते, दस्त्याला पॉलिश आणि नळ्यांना काळा रंग चढतो, आणि भाव वाढतो. पॉलिश करताना गंजाचे खड्डे जातात, पण त्यांच्यासोबत लोखंडही जातं. म्हणून चकाकी पाहून नव्हे, मापं घेऊन सौदा करा.

आधी कागद. "जुनी आहे, शोभेची आहे, परवाना लागत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधली सूट मात्र दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे. चालू केलेली दुनाळी त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, तेव्हा आपल्या परवान्यावर जागा आहे का ते पाहा. विकणारा खासगी असेल तर त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबायचं असतं. रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) घेत असाल तर हेही ध्यानात असू द्या की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नाही. त्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते.

बंदूक हातात आली की प्रथम उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग नळ्या सुट्या करून मागच्या टोकाचा सपाट तळ पाहा. विलायती बंदुकीवर चाचणीचे ठसे तिथेच असतात. मुकुटाखाली NP असेल तर ती नायट्रो पावडरच्या, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूच्या, दाबावर तपासलेली आहे. ठसा नुसता काळ्या दारूचा असेल, किंवा नळीवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीची) नागमोडी नक्षी असून NP नसेल, तर आजची काडतुसं तिच्यात घालू नका. ठसे घासून पुसट झाले असतील तर तिथेच नमस्कार करावा. नळ्या, ॲक्शन (नळ्यांमागची यंत्रणा) आणि पुढचं लाकूड यांवरचे नंबर एकमेकांशी आणि परवान्याशी जुळायला हवेत.

सगळ्यात जास्त फसगत काडतुसाच्या कोठीत, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, होते. जुन्या विलायती बंदुकांची कोठी बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिमीची असते. काडतुसांच्या डब्यावर लिहिलेली 70 मिमी ही लांबी मात्र काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरची असते. न उडालेलं काडतूस आखूड असल्यामुळे ते 65 च्या कोठीत सहज बसतं आणि माणूस निर्धास्त होतो. उडताना तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडते, दाब एकदम वाढतो. काहीजण कोठी कोरून 70 ची करतात. मग तिथली भिंत पातळ होते आणि जुना ठसा त्या बंदुकीला लागू राहत नाही. कोठी मापकानेच मोजून घ्या.

नळीच्या भिंतीची जाडी कारागिराकडून जाडीमापकाने पूर्ण लांबीभर मोजून घ्या. नुसतं तोंडाशी कॅलिपर लावून काही कळत नाही. कुठेही 0.5 मिमीपेक्षा कमी भरली तर बंदूक भिंतीवरच बरी. बारा बोअरचं आतलं माप 18.5 मिमी. नळीच्या मागच्या टोकापासून 9 इंचांवर ते बरंच जास्त भरलं तर आतून घासकाम झालं आहे. उजेडाकडे धरून आत पाहा. सावलीची वर्तुळं एकसारखी हवीत. एखादं वाकडं दिसलं तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे.

दोन नळ्यांमधली पट्टी शिसं-कथलाच्या नरम डाकाने बसवलेली असते. गरम क्षारांच्या टाकीत बुडवून काळी केलेली दुनाळी घेऊ नका, तो द्राव डाक खातो. गंजवून काळी करायची जुनी संथ पद्धत हवी. तपासायला नळ्या मागच्या, ॲक्शनमध्ये अडकणाऱ्या आकड्याला सुतळी बांधून लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर पट्टी पक्की. बद्द आवाज म्हणजे डाक कुठेतरी सुटला.

सांध्याची ढिलाई पाहताना पुढचं लाकूड काढूनच नळ्या हलवा, कारण त्याच्या स्प्रिंगचा ताण खुळखुळ लपवतो. आकड्यावर हातोडीचे ठोके किंवा पत्र्याची चकती दिसली तर ती तात्पुरती मलमपट्टी आहे, चार-दोन डब्यांत पुन्हा ढिली होईल. नीट दुरुस्तीत सांध्याची पिन बदलतात.

चाप ताणकाट्याने पाहा, दीड ते दोन किलोच्या आसपास हवा. कोठीत स्नॅप कॅप (सरावाचं बिनदारूचं काडतूस) घालून घोडे चढवा आणि दस्त्यावर तळहाताने थाप मारा. घोडा पडला तर त्याला अडवणारी खाच झिजली आहे.

लाकडाकडे उन्हाळ्याच्या अखेरीस पाहिलेलं बरं, इथल्या मे महिन्यात दाबून ठेवलेली भेग आपोआप तोंड उघडते. ॲक्शनच्या मागे तेलाने काळपट झालेल्या जागी नख दाबा. रुतलं तर लाकूड सडकं आहे आणि नवा दस्ता बसवायचा खर्च किमतीतून वजा करा. इसार देताना पावतीवर नंबर, कोठीची लांबी आणि "कारागिराच्या मापात नापास झाल्यास इसार परत" एवढं लिहून घ्या. विकणारा मोजू देत नसेल तर इसारही देऊ नका.