वापरलेली फुल-फ्रेम बॉडी घेताना

सहा वर्षं मी नाटकाच्या तालमींचे फोटो क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅननवर काढले. तालमीच्या खोलीत उजेड जेमतेम असतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर गेलं की नटांच्या डोळ्यांखालच्या सावल्या रवाळ दिसायच्या आणि मी घरी येऊन हळहळत बसायचे. शेवटी फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेला कॅमेरा घ्यायचं ठरवलं. नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आवाक्याबाहेर होती, म्हणून वापरलेली.

तुम्हीही याच वळणावर असाल तर आधी बॉडी बघू नका, लेन्सची बॅग उघडा. माझ्याकडे ५० आणि ८५ मिमीच्या दोन एफ/१.८ लेन्स होत्या (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त), दोन्ही ईएफ, म्हणजे फुल-फ्रेमलाही चालणाऱ्या. तिसरी १७-५५ होती, ती ईएफ-एस, म्हणजे क्रॉपसाठीची, आणि कॅननच्या फुल-फ्रेम डीएसएलआर बॉडीवर ईएफ-एस लेन्स बसतच नाही. ती विकावी लागली. निकॉनची डीएक्स (क्रॉपसाठीची) लेन्स एफएक्स (फुल-फ्रेम) बॉडीवर बसते, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो. निकॉनच्या डी७५० चे २४ मेगापिक्सेल जेमतेम १० उरतात. म्हणजे नव्या लेन्सचा खर्चही याच हिशेबात धरायचा. आणखी एक, क्रॉपवर माझी ८५ ची लेन्स १३६ मिमीच्या लेन्सइतकं जवळचं दाखवायची. फुल-फ्रेमवर ती खरोखरची ८५ झाली आणि मला नटांच्या बरंच जवळ जाऊन बसावं लागलं.

माझ्यापुढे कॅननच्या तीन बॉड्या होत्या: २००८ ची ५डी मार्क २, आणि २०१२ च्या ६डी व ५डी मार्क ३. मेगापिक्सेल तिन्हींचे २० ते २२ च्या आसपास, त्यामुळे त्यावर डोकं शिणवलं नाही. मी फोकस बघितला. मार्क २ मध्ये नऊ पॉइंट (फ्रेममधल्या फोकस धरायच्या जागा), त्यातला क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर पकडणारा, फक्त मधला. ६डीत अकरा, तिथेही क्रॉस-टाइप मधला एकच; पण तो एक इतका तयारीचा आहे की अगदी मिणमिणत्या उजेडातही पकडतो. बसलेल्या माणसाचे फोटो काढणाऱ्याला मी डोळे मिटून ६डी सुचवेन. माझे नट मात्र चालतात, वळतात, चेहरा फ्रेमच्या कडेला जातो. एफ/१.८ ला फोकसमध्ये येणारा भाग फार पातळ असतो, त्यामुळे मधल्या पॉइंटवर फोकस धरून फ्रेम हलवली की डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. मार्क ३ मध्ये ६१ पॉइंट आहेत, त्यातले ४१ क्रॉस-टाइप. शिवाय ६डी आणि मार्क ३ ला सायलेंट शटर आहे. संवादांमधल्या शांततेत मार्क २ चा खटका सगळ्या खोलीला ऐकू जातो.

मॉडेल ठरलं तरी अर्धंच काम झालं. समोरचा नग कसा आहे, ते हातात घेऊनच कळतं. पहिला मार्क ३ मी परत दिला. बाहेरून चकचकीत होता, पण सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाच्या खाचेत टॉर्च मारला तर एक पिन वाकलेली. कुणीतरी कार्ड तिरकं दाबलं होतं.

दुसऱ्या नगाला तासभर दिला. एफ/१६ आणि आयएसओ १०० वर पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट-ऑफ-फोकस फोटो काढला. सेन्सरवरची धूळ त्यात काळे ठिपके होऊन उमटते. धूळ साफ करता येते, ओरखडा नाही. मग १/८००० सेकंदाच्या शटरवर आकाश टिपलं. एखादी कडा काळवंडली तर शटर थकलंय असं समजायचं. सगळ्यात जास्त वेळ फोकसला दिला. ट्रायपॉडवरून छापील मजकुराचा एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून), असं दहादा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, क्विक मोड निवडलेला नसेल तर, मार्क ३ थेट सेन्सरवरून फोकस करतो, म्हणून तो प्रमाण मानायचा. दर वेळी सारखाच फरक येत असेल तर घाबरू नका, मेनूतल्या मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटने जुळतो. फरक कधी पुढे, कधी मागे असेल तर ती बॉडी तिथेच ठेवून निघा.

शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) विचाराच, पण फाइलच्या क्रमांकावरून ताडू नका. तो ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. निकॉनचा आकडा फोटोच्या माहितीतच सापडतो. मार्क ३ साठी यूएसबीने जोडून सॉफ्टवेअर चालवावं लागतं, तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. कॅननने मार्क ३ चं शटर १,५०,००० वेळांसाठी आणि ६डीचं १,००,००० साठी तपासलेलं आहे. माझ्या नगाचे ६८,००० झाले होते. रबराची पकड थोडी सैल होती, तीही चालवून घेतली.

मार्क ३ घेतलात तर एक सांगते. त्याची एसडीची खाच सीएफच्या मानाने फार हळू लिहिते. दोन्ही कार्डांवर एकदम साठवायला लावलं की सलग फोटो काढताना कॅमेरा मध्येच अडतो. मी तालमीत फक्त सीएफ ठेवते आणि दुसरी प्रत घरी आल्यावर काढते.