माशाचा नमुना संग्रहासाठी कसा तयार करावा

संग्रहालयातील बरणीत पांढुरका पडलेला बांगडा पाहिला की ‘मेलेला मासा इतकी वर्षे कशासाठी ठेवायचा?’ असे कोणीतरी विचारतेच. नमुना कसा तयार होतो हे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

खवले व पर शाबूत असलेला ताजा मासा निवडावा आणि त्याचे छायाचित्र लगेच काढावे, कारण पाठीवरची निळसर-हिरवी झाक बरणीत टिकत नाही. छायाचित्रासाठी माशाची डावी बाजू राखण्याचा प्रघात असल्याने कापाकापी उजव्या बाजूने करावी. त्याच बाजूचा मांसाचा लहान तुकडा आधीच तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा. कारण मासा टिकवण्यासाठी पुढे वापरायच्या फॉर्मेलिनने (फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाने) डीएनए खराब होतो.

मग मासा थर्मोकोलवर ठेवून पर टाचण्यांनी पसरावेत व त्यांवर कुंचल्याने फॉर्मेलिन लावावे, म्हणजे ते ताठ होतात आणि पुढे त्यांतील काटे मोजता येतात. त्यानंतर बाजारी फॉर्मेलिनच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळून त्यात मासा बुडवावा. हे काम हातमोजे घालून, हवेशीर प्रयोगशाळेत आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे. द्रावण आम्लधर्मी झाल्यास माशाच्या कानातील चुनखडीचे खडे झिजतात. त्यांवरील वलये मोजून माशाचे वय काढतात, म्हणून द्रावणात थोडा टाकणखार घालावा.

मोठ्या माशाच्या पोटाला छेद दिल्याशिवाय फॉर्मेलिन आत पोहोचत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे १९३८ साली तेथील संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना सीलाकँथ हा नामशेष मानला गेलेला मासा मिळाला, तेव्हा एवढ्या मोठ्या माशाला पुरेल इतके फॉर्मेलिनच हाती नव्हते. मासा पेंढा भरून ठेवावा लागला, आतले अवयव गेले, आणि दुसरा नमुना मिळायला १९५२ उजाडले.

साधारण आठवड्याने मासा पाण्यात नीट धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा.

माझ्या मते सर्वाधिक हलगर्जीपणा चिठ्ठीबाबत होतो. ती जाड कागदावर पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो. शास्त्रीय नाव मागाहून तज्ज्ञाला विचारून लिहिता येते, पण ‘बांगडा, मालवण किनारा, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे)’ हा मजकूर आणि त्याखालची तारीख मासा हातात आल्या दिवशीच लिहावी लागते.