हिरड्यांसाठी तोंडातले चांगले जंतू कसे सांभाळावेत

ब्रश करताना रक्त दिसलं की बरेच जण त्या जागी ब्रश लावणं टाळतात आणि जळजळीत माउथवॉश सुरू करतात. टाळल्याने सूज वाढते आणि माउथवॉशने मूळ कारण हलत नाही.

नुकत्याच घासलेल्या दातावर काही तासांतच स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, गॉर्डोनाय असे जंतू येऊन चिकटतात. हे आपल्या कामाचे. ते हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्यामुळे हिरड्या पोखरणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्यांचं बस्तान सहजी बसत नाही. पण जंतूंचा हा थर तसाच राहिला की जाड होतो, आतला ऑक्सिजन संपतो आणि त्या दुसऱ्या टोळीचं फावतं. १९६५ मध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्या असलेल्यांचं दात घासणं थांबवलं, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्यात त्या बऱ्या झाल्या. म्हणून थर रोज मोडायचा, जुना होऊ द्यायचा नाही.

मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी हलकेच दहाएक वेळा हलवा, मग पुढच्या दातांकडे सरका. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहते, तिथे ब्रश उभा धरा. जोर लावला तर थर जास्त निघत नाही, हिरडी मात्र मागे सरकते.

दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही आणि सूज बहुधा तिथूनच सुरू होते. रात्री ४५ सेंटिमीटर फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) घ्या, दाताला कवेत घेईल असा वळवून हिरडीच्या किंचित आत न्या आणि वर-खाली घासा. फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) बरा. त्याची तार दाताला घासत असेल तर एक माप लहान घ्या. सुरुवातीला रक्त येईल, तरी थांबू नका.

क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्के जंतुनाशक माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तरच: १० मिली, दिवसातून दोनदा, सहसा दोन आठवड्यांपुरतं. पेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा परिणाम घालवतो. महिनोन्महिने वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, शिवाय जिभेच्या मागच्या भागातले नायट्रेटवर काम करणारे जंतूही मरतात. पालक, माठ, मुळ्याचा पाला, बीट यांतल्या नायट्रेटपासून हेच जंतू नायट्राइट बनवतात, त्यातून नायट्रिक ऑक्साइड होतो. जर्मनीतल्या एका चाचणीत नायट्रेटयुक्त लेट्यूसचा रस १४ दिवस घेणाऱ्यांच्या हिरड्यांची सूज कमी झाली. तेव्हा पालेभाजी जेवणात रोज असू द्या.

मशेरी मात्र सोडाच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत राहतो आणि कळत नाही.

दोन आठवडे नीट करूनही रक्त थांबलं नाही तर दातांवर कीटण बसलेलं असण्याची शक्यता जास्त. ते घरी निघत नाही, स्केलिंगच लागतं, म्हणजे दंतवैद्यांकडून खरवडून काढावं लागतं. त्या वेळी दंतवैद्यांकडून हिरडीतल्या खाचांची खोली मोजून घ्या: ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर पुढचे उपचार विचारा. मधुमेह असेल तर तो आधीच सांगा.